छापील सर्किट घरी का करावे?

छापील सर्किट म्हणजे कारखान्याची वस्तू, असा आपल्याकडे समज आहे. वस्तुतः तिचे कूळ छापखान्याचे. ऑस्ट्रियात जन्मलेल्या पॉल आयस्लर या अभियंत्याने लंडनमध्ये १९४३ साली तिच्या पेटंटासाठी अर्ज केला. मासिकांतील चित्रांसाठी जे कारागीर जस्ताचे ठोकळे अम्लाने कोरीत, त्यांना ही कृती पाहताक्षणी ओळखू आली असती.

“बाजारात तयार पाट्या स्वस्त मिळतात, मग घरी हात का डागाळावेत?” असे विचारणारे वडीलधारे पुष्कळ आहेत. कारखान्याची पाटी अधिक सुबक असते, हे आम्हांस मान्य आहे. परंतु ती मागविणाऱ्याला रसायनशास्त्र कोठे भेटते? ऑक्सिडीकरण आणि क्षपण हे शब्द परीक्षेनंतर विसरले जातात. फेरिक क्लोराइडच्या तपकिरी द्रावणात अवघ्या ३५ मायक्रॉन जाडीचा तांब्याचा थर डोळ्यांदेखत विरताना पाहिला, म्हणजे ते मनात ठसतात. तांबे द्रावणात उतरते आणि फेरिक क्षाराचा फेरस क्षार होतो.

आरंभ करणाऱ्याने एखादा एलईडी लुकलुकविणारे, एकाच बाजूचे सर्किट घ्यावे. तांब्याची पाटी बारीक पॉलिशपेपरने घासून धुवावी. बोटाचा तेलकट ठसाही तिच्यावर राहता कामा नये. तांब्याच्या बाजूने दिसावी तशी आकृती काढून ती लेझर प्रिंटरवर गुळगुळीत कागदावर उलटी छापावी आणि इस्त्रीने पाटीवर दाबावी. (उलटी का, हे ज्याने त्याने आरशापुढे उभे राहून शोधावे.) प्रिंटरची पूड प्लास्टिकयुक्त असल्याने ती वितळून तांब्याला चिकटते आणि आपल्याखालच्या वाटा राखते. साध्या शाईच्या प्रिंटरने हे होत नाही. कायमच्या शाईच्या मार्करने हाती रेषा ओढल्या तरी चालते. किंबहुना पहिल्या खेपेस आम्ही तेच पसंत करू.

मात्र एका बाबतीत आमचे मत कठोर आहे. हे द्रावण धातूच्या भांड्यात घालू नये. ते भांड्यालाच खाते. प्लास्टिकचे पात्र घ्यावे, आणि ते पुन्हा स्वयंपाकघरात जाऊ नये. डोळ्यांवर चष्मा, हातांत रबरी मोजे, खिडकी उघडी आणि जवळ घरातील मोठे माणूस, एवढे नसेल तर आरंभच करू नये. भोके पाडताना काचतंतूची धूळ उडते. तेव्हा नाकातोंडावर मास्क हवा.

आणि वापरलेले द्रावण मोरीत ओतणे हा तर आमच्या मते अपराधच होय. त्यात विरलेले तांबे नाहीसे झालेले नसते. पाण्यातील जिवांना ते विषारी असते. द्रावणाचा जोर ओसरेपर्यंत ते पुनःपुन्हा वापरावे, नंतर चिठ्ठी लावलेल्या प्लास्टिकच्या बाटलीत ठेवावे. पुढचे काम एकट्यादुकट्या घराचे नव्हे. शाळेच्या प्रयोगशाळेने अशा बाटल्या जमा करून घ्याव्यात आणि घातक कचऱ्याची विल्हेवाट लावणाऱ्यांच्या स्वाधीन कराव्यात, अशी आमची मागणी आहे. ती व्यवस्था होईपर्यंत नव्या पाट्या थोड्या निघाल्या तरी चालतील.