पारणे नसलेला उपवास

अन्नाशी वैर धरणारा आजार हा श्रीमंतांच्या आणि परदेशस्थांच्या मुलींचा. पेडण्या-डिचोलीच्या, पेजेवर वाढलेल्या घरांत त्याला थारा नाही, असे ठामपणे सांगणारे सुशिक्षित गृहस्थ आम्हांस अजूनही भेटतात. हे म्हणणे नुसते चुकीचे असते तर आम्ही लेखणी उचलली नसती. ते घातक आहे. जो आजार आपल्यात नाहीच असे एकदा ठरले, त्याचे लक्षण समोर बसलेले असले तरी दिसत नाही. मुलगी दिवसेंदिवस वाळत जाते आणि घरची माणसे तिच्या संयमाचे कौतुक करीत राहतात.

याच पेडणे तालुक्याच्या किनाऱ्यावर, हरमल-मांद्र्यापासून आश्व्यापर्यंत, दुसऱ्या टोकाचे लोक आपले दुकान मांडून बसले आहेत. त्यांच्या फलकांवर 'सर्वांगीण आरोग्य', 'शरीरशुद्धी', 'प्राचीन उपवासविद्या' असे भारदस्त शब्द असतात आणि आत चार दिवस फळांच्या रसावर राहण्याचे दाम घेतले जातात. तिथे येणाऱ्यांपैकी कोणाला अन्नाची आधीपासूनच भीती बसली आहे काय, हे विचारण्याची तसदी कितीजण घेत असतील याविषयी आम्ही साशंक आहोत. पहिला पक्ष संस्कृतीच्या नावाने आजार नाकारतो, दुसरा संस्कृतीच्याच नावाने तो विकतो. आमचा वाद दोघांशीही आहे.

हा आजार म्हणजे नखरा नव्हे. १८७३ च्या सुमारास लंडनमध्ये विल्यम गल आणि पॅरिसमध्ये लासेग या दोन वैद्यांनी त्याचे स्वतंत्रपणे वर्णन केले. गलने त्याला ॲनोरेक्सिया नर्व्होसा हे नाव दिले. अनावर खाणे आणि मग त्याचा पश्चात्ताप अशा फेऱ्यात सापडणाऱ्यांच्या आजाराला, म्हणजे बुलिमियाला, नाव मिळाले ते १९७९ साली. मनाच्या आजारांत ज्यांनी माणसे अधिक दगावतात त्यांत ॲनोरेक्सियाची गणना होते. मुलगे आणि प्रौढ स्त्री-पुरुषही त्यातून सुटत नाहीत. आणि मन आधी बिघडते की पोट, हा प्रश्न वाटतो तितका सरळ नाही. १९४४-४५ साली अमेरिकेत मिनेसोटा येथे अॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी, स्वेच्छेने पुढे आलेल्या तरुणांना चोवीस आठवडे अर्धपोटी ठेवले. ते पाककृतींची पुस्तके वाचू लागले, एकेका घासाचे तुकडे करून तासन्‌तास जेवू लागले, चिडचिडे, खिन्न, एकलकोंडे झाले. उपाशी देह मनाला असा वेठीस धरतो. म्हणून वाळलेल्या मुलीपुढे आधी उपदेशाचे ताट मांडणाऱ्यांना आमचे सांगणे आहे की, तिच्या पोटात अन्न जाऊ लागेपर्यंत तुमचा उपदेश तिच्यापर्यंत पोचणारच नाही.

'आमच्या संस्कृतीत हे होत नाही' म्हणणाऱ्यांनी फिजी बेटांकडे पाहावे. भरदार देहाला मान देणारा आणि पाहुण्याला आग्रहाने जेवू घालणारा तो समाज. या बाबतीत तो आम्हां गोमंतकीयांहून तसूभरही मागे नव्हता. १९९५ साली तिथल्या एका भागात दूरचित्रवाणी आली. अॅन बेकर या विदुषीने त्या वर्षी आणि पुन्हा १९९८ साली शाळकरी मुलींची पाहणी केली, तेव्हा खाण्याविषयी चिंताजनक वृत्ती दाखविणाऱ्या मुलींचे प्रमाण शेकडा सुमारे १३ वरून २९ वर गेलेले आढळले. अवघी तीन वर्षे, आणि तीही घरात एकच पेटी असण्याच्या काळातली! आज कोरगावच्या वा मुळगावच्या मुलीच्या तळहातावर दिवसभर चालणाऱ्या चित्रांपुढे आजीच्या आग्रहाची तटबंदी किती टिकेल, याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

मात्र पाश्चात्त्यांची प्रश्नावली भाषांतरित करून इथे वाटली म्हणजे काम झाले, असे मानणाऱ्या डॉक्टरांशीही आमचे जमत नाही. हाँगकाँगमध्ये सिंग ली यांनी दाखवून दिले की तिथल्या कित्येक रुग्ण मुली 'मला लठ्ठ होण्याची भीती वाटते' असे म्हणतच नसत. पोट फुगते, भूक नाही, एवढेच सांगत. आमची मुलगी तरी वेगळे काय सांगणार? 'पोटांत जागो ना' असे ती म्हणेल, पित्ताचे नाव घेईल, आणि फारच आग्रह झाला तर आज उपवास आहे म्हणून सुटका करून घेईल. या शेवटच्या उत्तरापुढे सारे घर हात जोडते. आजाराला लपण्यासाठी देवघरासारखी जागा नाही!

आणि तरीही याच देवघरात आम्हांस एक कसोटी सापडते. साखळीजवळच्या विठ्ठलापुरात एकादशी करणाऱ्याला द्वादशीचे पारणे ठाऊक असते. पारण्याशिवाय एकादशी पुरी होत नाही. शिरगावच्या लईराईचे धोंड जत्रेपूर्वी कडक व्रत पाळतात. पण ते एकत्र राहून, एकत्र शिजवून जेवतात, आणि वैशाखातल्या जत्रेत अग्निदिव्य झाले की व्रत सुटते. आमच्या उपवासाला आरंभ आहे, सोबत आहे, नियम आहे, शेवट आहे. आजाराचा उपवास एकट्याने, चोरून, दर आठवड्याला नवा वार जोडीत चालतो आणि त्याला पारणे नसते. 'तुझे पारणे केव्हा?' हा एक प्रश्न घरच्या वडीलधाऱ्यांनी मायेने विचारला, तर परदेशी प्रश्नावलीच्या बऱ्याच ओळी वाचतील. आजारी माणसाला व्रतातून मोकळीक असते, हे भटजींना सांगावे लागत नाही. ते त्यांनी त्या मुलीला आणि विशेषतः तिच्या आईला सांगावे.

आता उपचाराकडे येऊ. पेज हे आमचे औषध खरे, पण त्याचा गर्व नको. चरकाने अतिस्थूलाबरोबर अतिकृशालाही निंद्य देहांत गणले आहे आणि लंघनाच्या जोडीला बृंहण, म्हणजे पोषण, सांगितले आहे. शोधनानंतर पेया, मग विलेपी, मग यूष अशा पायऱ्यांनी अन्नावर परतण्याचा संसर्जनक्रम आयुर्वेदात आहे. 'शरीरशुद्धी' विकणाऱ्यांना यातले लंघन तेवढे बरोबर आठवते! सावकाश भरवावे हे आधुनिक वैद्यकही सांगते, पण त्याचे कारण जाणून घेतले पाहिजे. दीर्घकाळ उपाशी राहिलेल्या देहात पिष्टमय अन्न एकदम गेले की रक्तातील फॉस्फेट झपाट्याने उतरते आणि हृदय बंद पडण्यापर्यंत पाळी येते. पेज म्हणजे बहुतांशी पिष्टच. तेव्हा फार खंगलेल्या मुलीला प्रेमाने वाटीमागून वाटी पाजणारी मावशीही तिला धोक्यात घालू शकते. पहिले दिवस रक्ताची तपासणी आणि डॉक्टरची नजर हवीच. त्या वेळी बांबोळीची वाट धरण्यात कसलाही कमीपणा नाही.

धोका टळल्यावर मात्र इस्पितळाला जे जमत नाही ते घराला जमते. लंडनच्या मॉड्स्ले इस्पितळात गेल्या शतकाच्या आठव्या-नवव्या दशकांत अशी पद्धत बसविली गेली की, लहान वयाच्या रुग्णांच्या जेवणाची जबाबदारी काही काळ आईबापांनीच घ्यावी, दोष कोणाला देऊ नये, आणि सारे कुटुंब ताटाभोवती बसावे. सकाळच्या दहाच्या पेजेला शेजारचीलाही हाक मारणाऱ्या आमच्या घरांना हे परके वाटू नये. उकड्या तांदळाची पेज, तोंडी लावायला लोणचे वा किसमूर, दुपारी शीतकडी आणि नुस्ते: ठरल्या वेळी, सर्वांसमवेत, वजनाचा शब्दही न काढता. पौषात मांडावर धालो खेळणाऱ्या बायांत त्या मुलीला नेऊन उभी करावी; तिथे देह नाचण्यासाठी असतो, आरशासाठी नव्हे. पण आधी तिच्या अंगी बळ येऊ द्यावे.

आणि इथेच आमच्या संस्कृतिभक्तांना आम्ही अडवतो. ताटाभोवती बसणारे हे कुटुंब कोणते? बहुसंख्य घरांत वाढणारी बाई सर्वांच्या मागून, चुलीपाशी, एकटी जेवते. तिच्या ताटात काय होते, किंबहुना ताट होते की नाही, हे कोणी पाहिलेले नसते. 'जेवलें गे?' म्हणून शेजारीण विचारते, 'जेवलें' म्हणून उत्तर येते, आणि प्रकरण मिटते. ज्या घरात आईचे उपाशी राहणे हाच तिचा मोठेपणा, त्या घरातल्या मुलीला अन्न टाळणे पाप का वाटावे? तीच आई 'जरा बारीक झालीस, आता स्थळे येतील' असेही म्हणते. पेज आणि पारणे घ्या, ही शेवटची पंगत मोडा. संस्कृतीचा सबंध गठ्ठा उचला म्हणणाऱ्यांचे आम्ही ऐकणार नाही.

साधने नाहीत ही सबब तर सर्वांत लंगडी. गोव्याच्याच सरकारी आरोग्य केंद्रांत, डॉक्टर नसलेल्या पण शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांनी खिन्नता आणि चिंता यांच्या रुग्णांना बरे करण्यास हातभार लावल्याचे 'मानस' या प्रयोगाने दाखविले आणि २०१० साली ते जगापुढे आले. तेच शिक्षण अन्नाच्या आजारासाठी, कोकणी-मराठीतून, का देता येऊ नये? धारगळला डिसेंबर २०२२ मध्ये अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेचे उद्‌घाटन झाले. पेडणे तालुक्याच्या पोटात एवढी मोठी संस्था आहे. तिने बांबोळीच्या मनोरुग्णालयाशी हात मिळवून एक साधा कागद काढावा: कोणत्या रुग्णाला लंघन, पंचकर्म वा उपवास मुळीच देऊ नये, आणि कोणती लक्षणे दिसताच त्याला त्याच दिवशी बांबोळीला पाठवावे. तो हरमलपासून साखळीपर्यंत प्रत्येक आरोग्य केंद्रात, प्रत्येक वैद्याच्या ओट्यावर आणि किनाऱ्यावरच्या त्या फलकांशेजारी लागावा. त्याचा मराठी आणि कोकणी मसुदा या पानांवर छापण्यास आम्ही आनंदाने जागा देऊ.