चलो चायना, पोराबाळांसकट!

ऑनसाइट म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर अजूनही न्यू जर्सी नाहीतर लंडनच येतं. त्यामुळे बॉसने केबिनमध्ये बोलावून 'शांघाय, तीन वर्षं, विथ फॅमिली' म्हटलं की आधी दोन मिनिटं काही सुचत नाही. मग घरी फोन. आणि घरून पहिला प्रश्न सासूबाईंचा, 'अगं, पण तिथं पोरं खाणार काय?'

खाण्याचं सांगतेच, पण तो प्रश्न सोपा आहे. अवघड प्रश्न सहसा कोणी विचारतच नाही. ज्याची नोकरी त्याला झेड व्हिसा मिळतो. जोडीदार आणि मुलं जातात एस-१ वर, आणि एस-१ वर नोकरी करता येत नाही. म्हणजे काल हिंजवडीत दहा जणांची टीम सांभाळणारी बाई शांघायला उतरल्या क्षणी 'अमक्याची मिसेस' होते. (नवरा मागून जाणारा असेल तर त्याला तेवढाही हुद्दा नाही!) बिनपगारी रजा, एखादा कोर्स की सरळ राजीनामा? ऑफर लेटरवर सही होण्याआधी हे दोघांनी बसून बोलायला हवं. सही झाल्यावर बोलाल तर ते भांडण असतं.

दुसरा मुद्दा शाळेचा. तिथं तीन ते सहा वर्षांची मुलं बालवाडीत जातात, पहिली सहाव्या वर्षी. इंटरनॅशनल शाळांची फी ऐकून घेरी येते, म्हणून ती कंपनी भरणार का, किती मुलांची भरणार, हे पॅकेजमध्ये लेखी घ्या. एचआरच्या 'वुई विल सी'वर विसंबू नका. मूल तीन-चार वर्षांचं असेल तर दोन भाषांतली स्थानिक बालवाडी जरूर बघून या. चिनी भाषेत एकच 'मा' सुरावर आई होते, घोडा होते, ओरडणंही होते. मोठ्यांची यात फजिती ठरलेली, पोरं मात्र खेळता खेळता उचलतात.

आता कागद. मॅरेज सर्टिफिकेट आणि मुलांचे जन्मदाखले यांच्या साक्षांकनाची वारी राज्य सरकार, परराष्ट्र मंत्रालय आणि चिनी वकिलात अशी चालते. एजंट धरलात तरी वेळ लागतो. जन्मदाखल्यावर आणि पासपोर्टवर आईच्या नावाचं स्पेलिंग एकच आहे ना, ते आजच बघा. लहान मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो, तोही काढून तारीख तपासा. पोचल्यावर स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहणार असाल तर चोवीस तासांत पोलिसांकडे नोंद, आणि तीस दिवसांत रेसिडेन्स परमिटचा अर्ज. लसींची फाईल हँडबॅगेत ठेवा, बालवाडीत ती मागतात. तिथल्या नेहमीच्या लसीकरणात जपानी मेंदुज्वराची लस आहे. आपल्याकडे ती ठरावीक जिल्ह्यांतच दिली जाते, तेव्हा डॉक्टरांना आधी विचारून घ्या.

बॅगा भरताना एक गंमत लक्षात ठेवा. उत्तर चीनमध्ये हिवाळ्यात सरकारी हीटिंग असतं, बीजिंगमध्ये साधारण १५ नोव्हेंबर ते १५ मार्च. शांघाय पडतं दक्षिणेच्या बाजूला, तिथं ही सोय नाही. जानेवारीत बाहेर पाच अंश, आणि घरातही हातपाय गारठलेले. म्हणजे जास्त थंड गावापेक्षा कमी थंड गावासाठी घरात घालायचे स्वेटर जास्त लागतात!

प्रेशर कुकर न्याच. गोडा मसाला, पोहे, तूरडाळही न्या. दुधाचे पदार्थ, ताजी फळं, बियाणं यांना मनाई आहे, तेव्हा आजीच्या तुपाच्या बरणीवरून घरात आधीच एकमत करा. शाकाहारी असाल तर 'वो छ्र सू' हे तीन शब्द पाठ करा, पण भाजीतही ऑइस्टर सॉस किंवा चिकन पावडर निघू शकते, म्हणून विचारत राहा. टोमॅटो-अंड्याची भाजी आणि भात मात्र गल्लोगल्ली मिळतो आणि मुलांना आवडतो.

घरकामाला येणाऱ्या बाईला तिथं 'आयी' म्हणतात, आणि शब्दाचा अर्थ चक्क मावशी. घरच्यासारखंच! फक्त चिनी नववर्षाला ही मावशी गावी जाते, तेव्हा ते दिवस कॅलेंडरवर लाल करून ठेवा.

सगळ्यात जास्त त्रास होतो तो फोनचा. व्हॉट्सअ‍ॅप, यूट्यूब, गूगल चीनमध्ये बंद. तिथलं सगळं वीचॅटवर, पैसेसुद्धा. आणि वीचॅटवर आपल्याकडे २०२० मध्ये बंदी आली. म्हणजे नातवंडं एका अ‍ॅपवर, आजी-आजोबा दुसऱ्यावर, मध्ये भिंत. भारतीय सिमचं रोमिंग चालू ठेवलं तर व्हॉट्सअ‍ॅप चालतं, पण रोज तासभर गप्पा मारायला ते महाग पडतं. दोन्हीकडे आयफोन असेल तर फेसटाइम लागतो. तेव्हा जुना का होईना, एक आयफोन आजोबांना आधीच द्या आणि महिनाभर त्याच घरात, या खोलीतून त्या खोलीत कॉल लावायची प्रॅक्टिस करून घ्या. व्हीपीएनच्या भरवशावर मात्र कुणाला शब्द देऊ नका. वेळेचं गणित बरंय, चीन आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. मुलं झोपायच्या आधी आजोबांचा संध्याकाळचा चहा.

प्रवासही थोडा सोपा झालाय. २०२० पासून बंद असलेली थेट विमानं ऑक्टोबर २०२५ मध्ये कोलकाता-ग्वांगझू मार्गावर पुन्हा सुरू झाली.

आणि हो, घराचा पत्ता आणि तुमचा तिथला नंबर चिनी अक्षरांत छापून घ्या. एक कार्ड पर्समध्ये, एक मुलाच्या दप्तरात, एक त्याच्या जॅकेटच्या आतल्या खिशात.