मंडपातले गाणे आणि रुळांवरचे गाणे

देवस्थानच्या मंडपात रात्रभर नाटक झाले की ती देवाची सेवा. आणि तसेच लोक घुमट घेऊन रानासाठी उभे राहिले की ती म्हणे कलेच्या नावाखाली चालविलेली उठाठेव! मोलेच्या रानासाठी झालेल्या चित्रांच्या आणि गाण्यांच्या कार्यक्रमांविषयी हा आक्षेप आमच्याच समाजातील प्रतिष्ठित मंडळींच्या तोंडून आम्ही अनेकदा ऐकला आहे. ‘यांच्या पाठीमागे कोण आहे?’ हा खोचक प्रश्नही त्याला जोडून येतो. प्रश्न विचारण्यास हरकत नाही. उत्तर ऐकून घेण्याची तेवढी तयारी असावी.

पाठीमागे होते ते असे. भगवान महावीर अभयारण्य आणि मोले राष्ट्रीय उद्यान मिळून सुमारे २४० चौरस किलोमीटरांचे हे रान. त्यातून दुपदरी रेल्वे, चौपदरी महामार्ग आणि ४०० केव्हीची वीजवाहिनी न्यावयाचे ठरले. २०२० साली, लोक टाळेबंदीत घरी अडकले असता, हे प्रकरण गाजू लागले. तेव्हा वनस्पतींचे अभ्यासक, कीटकशास्त्रज्ञ, वास्तुविशारद, वकील, महाविद्यालयीन विद्यार्थी आणि चित्रकार ‘आमचें मोलें’ या नावाने एकत्र आले. सभा भरविण्यास बंदी होती, म्हणून चित्रेच घरोघरी गेली. अहवालातला धनेश आणि गवा मुलांच्या कागदावर उतरला. ज्या वाचकाने सरकारी अहवाल जन्मात उघडला नसता, त्याला आपल्या रानात काय आहे ते प्रथमच कळले. याला कारस्थान म्हणावयाचे असेल तर आमची कीर्तनपरंपराही कारस्थानच ठरेल!

पुढे १ नोव्हेंबर २०२० च्या रात्री चांदर येथे हजारो माणसे रुळांपाशी जमली. मेणबत्त्या होत्या, गाणी होती, वाद्ये होती. चांदर म्हणजे प्राचीन चंद्रपूर, कदंबांची एके काळची राजधानी. त्या रात्री जमलेल्यांत ख्रिस्ती गावकऱ्यांचा भरणा मोठा होता. रूळ त्यांच्या दारावरून जातात, तेव्हा त्यांत त्यांचा स्वार्थ होता असे कोणी म्हणेल. असेना! मुरगाव बंदरात उतरणारा कोळसा कर्नाटकातील पोलाद कारखान्यांकडे याच मार्गाने जातो, आणि त्याची भुकटी कोणाच्या घरात बसते हे वास्कोकरांना विचारावे. पण कदंबकालीन तांबडी सुर्लाचे महादेवाचे देऊळ याच रानात उभे आहे. त्या महादेवाला नवस बोलणारे आपण त्या रात्री कोठे होतो?

घुमटाचेच पाहा. २०१९ साली गोवा सरकारने त्याला राज्याचे वारसा-वाद्य म्हणून मान दिला आणि आम्ही आनंदाने टाळ्या वाजविल्या. त्याचे मडके मातीचे. त्यावर पूर्वी घोरपडीचे कातडे चढे, ते कायद्याने बंद झाल्यावर बकऱ्याचे चढू लागले. म्हणजे चतुर्थीची आपली आरती आजवर रानाच्या आणि कुंभाराच्या जिवावर दुमदुमली. वाद्याला हार घालावयाचा आणि रानाचा विषय निघाला की ‘देवळात राजकारण नको’ म्हणावयाचे, हा शहाणपणा आम्हांस तरी समजत नाही.

या तरुण मंडळींचीही एक गोष्ट खटकते. त्यांच्या चित्रांवरील मजकूर पुष्कळदा इंग्रजीत असे. खेड्यातल्या आजीला चित्र कळले, खालचे अक्षर कळले नाही. पण मराठी-कोंकणी अक्षर पुरविणारे हात कोणाकडे होते? आमच्या भजनी मंडळांकडे, आमच्या नाटकमंडळींकडे! ते हात आम्ही खिशात ठेवले, आणि मग अक्षर परके म्हणून नाक मुरडले.

एप्रिल २०२१ मध्ये केंद्रीय अधिकारप्राप्त समितीने दुपदरीकरणाविरुद्ध शिफारस केली. वीजवाहिनी जुन्या वाहिनीच्या पट्ट्यातूनच न्यावी असे सुचविले. ९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कॅसलरॉक ते कुळे या दुपदरीकरणास वन्यजीव मंडळाने दिलेली मंजुरी रद्द केली. न्यायालय गाण्याने हलत नाही, हे आम्ही जाणतो. ते काम वकिलांचे आणि अभ्यासकांचे. परंतु त्यांच्या मागे जनता उभी राहिली ती चित्रांमुळे आणि गाण्यांमुळे.

तेव्हा देवस्थान समित्यांपुढे आमची मागणी साधी आहे. येत्या महाशिवरात्रीच्या उत्सवपत्रिकेत देणगीदारांच्या नावांखाली जागा उरतेच. तेथे एका संध्याकाळचा कार्यक्रम या मंडळींच्या नावे छापावा, आणि मंडपाचे भाडे घेऊ नये.