अतिरिक्त कोण?

शाळेत मुले आहेत, वर्ग आहे, फळा आहे. मंजूर शिक्षक शून्य. ही कोणी केलेली थट्टा नव्हे, १५ मार्च २०२४ चा शासन निर्णय आहे. सहावी ते आठवीचा पट विसाच्या आत आला की संचमान्यतेत, म्हणजे शाळेच्या मंजूर पदांच्या हिशेबात, शिक्षकाचे पदच गायब. त्याविरुद्ध ५ डिसेंबर २०२५ ला राज्यभरातील शिक्षकांनी शाळा बंद ठेवल्या, तर सरकारने एक दिवसाचा पगार कापण्याचे फर्मान काढले. शून्याबद्दल चकार शब्द नाही!

शिक्षण हक्क कायदा २००९ सालचा. सहावी ते आठवीला विज्ञान-गणित, भाषा आणि सामाजिक शास्त्रे यांसाठी प्रत्येकी किमान एक शिक्षक हवा, असे त्याच्या परिशिष्टातच लिहिले आहे. कायदा तीन म्हणतो, शासन निर्णय शून्य म्हणतो. मंत्रालयातला कागद संसदेच्या कायद्याला भारी कधीपासून झाला?

पट मोजण्याची तऱ्हाही पाहा. ३० सप्टेंबरला आधार वैध असलेलीच मुले धरायची. यवतमाळ जिल्ह्यातल्या झरी-जामणी, मारेगाव, केळापूरच्या कोलाम पोडांवर, म्हणजे आदिवासी वस्त्यांवर, जन्माची नोंद वेळेत होणे हेच नशीब. दाखल-खारीज रजिस्टरवर नाव एक, आधारवर दुसरे, जन्मतारीख तिसरीच. गुरुजी हजेरी घेतात तेव्हा बावीस पोरे ‘हजर’ म्हणतात. पोर्टलला त्यातली सतराच दिसतात. उरलेली पाच समोर बसून खिचडी खातात, पण सरकारलेखी ती जन्मलेलीच नाहीत. त्या पाचांपायी पद जाते आणि गुरुजी अतिरिक्त होतात. आधार केंद्राच्या चुकीची शिक्षा शिक्षकाला.

मग समायोजनाचा फेरा. वणीच्या टोकावरचा माणूस उमरखेडच्या टोकाला गेला तरी त्याने उपकार मानावेत, अशी साहेबांची अपेक्षा असते. विनाअनुदानित शाळेतल्या शिक्षकाला तर तेवढेही नशीब नाही. तिथे पद गेले की घरी बसायचे.

खासगी शाळांसाठी १९८१ च्या सेवाशर्ती नियमावलीत २६ वा नियम आहे. तुकड्या घटल्या, पट घसरला, अभ्यासक्रम बदलला किंवा एखादा अभ्यासक्रमच बंद झाला, तर कायम शिक्षकालाही कमी करता येते. मात्र तीन महिन्यांची नोटीस हवी आणि ज्येष्ठता पाळावी लागते. हे किती शिक्षकांना ठाऊक असते? संस्थाचालक बोलावतात, ‘सर, तुमचा विषय आता राहिला नाही’ म्हणतात आणि कोऱ्या कागदावर सही मागतात. चित्रकला, शारीरिक शिक्षण, कार्यानुभव हे विषय असेच गेले. आधी कायम पद, मग मानधनावरचा अतिथी निदेशक, मग तोही नाही. खेड्यातल्या पोरांना रंग आणि मैदान लागतच नाही, असे बहुधा मंत्रालयात ठरले असावे.

अशा वेळी शिक्षक संघटनेच्या दारात जातो. तिथे काय मिळते? ‘सीईओ साहेबांना निवेदन देऊ.’ निवेदन जाते, फोटो निघतो, दुसऱ्या दिवशी पेपरात सहा पदाधिकाऱ्यांची नावे छापून येतात. अतिरिक्त गुरुजी फोटोत कडेला उभे. जिल्ह्यात संघटना उदंड. बदल्यांच्या मोसमात सगळ्यांना धार येते. पण सही करण्याआधी माणसाला अडवणे, नोटीस तपासून देणे, खासगी शाळांच्या सेवाशर्ती कायद्याच्या नवव्या कलमाखाली शाळा न्यायाधिकरणात त्याचे अपील दाखल करणे, हे रोजचे काम कोण करणार? वर्गणी कशासाठी घेता? ५ डिसेंबरला सगळ्या संघटना एका मंडपात आल्या हे चांगलेच झाले. मात्र सहा तारखेपासून पुन्हा ज्याची त्याची चूल वेगळी असेल तर सरकारला तेच हवे आहे.

सरकारचा पिंड तर आधीच दिसला आहे. कमी पटाच्या शाळांत १५ हजार रुपयांवर कंत्राटी शिक्षक नेमण्याचा निर्णय निघाला तो ५ सप्टेंबर २०२४ ला, म्हणजे शिक्षक दिनी. मुहूर्त निवडणाऱ्याचे कौतुकच केले पाहिजे! शिक्षकांनी सामुदायिक रजेची हाक दिली तेव्हा अटी बदलल्या आणि शेवटी सगळेच मागे घ्यावे लागले. रेटा लागला की सरकार हलते, एवढे तरी त्यातून कळले. पैसे नाहीत हे रडगाणे आम्हाला ऐकवू नका. घोषणांच्या वेळी तिजोरीची आठवण कोणाला होत नाही.

आणि यवतमाळचे पुढारी? संजय राठोड, अशोक उईके, इंद्रनील नाईक, एकाच जिल्ह्याचे तीन मंत्री. उईके यांच्याकडे तर आदिवासी विकास खाते आहे. ज्या पोडावरची सातवी बंद पडेल तिथली पोरगी जंगलातल्या वाटेने पुढच्या गावच्या शाळेत जाईल की आईबरोबर कापूस वेचायला, हे त्यांना आम्ही सांगायला नको. या तिघांनी मंत्रिमंडळात तोंड उघडून १५ मार्चचा निर्णय रद्द करायला लावावा, आणि तोवर आधारऐवजी वर्गातल्या हजेरीवर पट धरायला लावावा. तेवढेही जमत नसेल तर पुढच्या शाळा-प्रवेशोत्सवाला गुलाबाची फुले घेऊन येऊ नये.