तीस दिवस, साठ अंश आणि एक स्वयंपाकी

माझी मागणी एका ओळीत सांगतो. भारताने ध्रुवीय सेवेसाठी एक पदक सुरू करावं, आणि अंटार्क्टिकात ठरलेले दिवस काढलेल्या प्रत्येकाला ते मिळावं. शास्त्रज्ञाला मिळावं, डॉक्टरला मिळावं, आणि जनरेटर चालवणाऱ्याला, वेल्डरला, स्वयंपाक्यालाही मिळावं. साहेबाची शिफारस नको, समितीची मेहेरबानी नको. दिवस मोजा आणि पदक द्या.

आता तुम्ही विचाराल, परभणी जिल्ह्यातल्या पोराचा दक्षिण ध्रुवाशी काय संबंध? आमच्याकडे मे महिन्यात पारा चव्वेचाळीसच्या आसपास फिरतो. हिवाळ्यात मात्र थंडीची लाट आली की तो पाच अंशांच्या खाली उतरतो आणि आम्ही लगेच मोबाइलवर स्क्रीनशॉट फिरवतो: बघा, महाराष्ट्रात सगळ्यात थंड आम्ही! 'जगात जर्मनी, भारतात परभणी' म्हणणारी आम्ही माणसं, मिरवायला काहीही चालतं. पण तो आकडा येतो कुठून? कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेत कुणीतरी पहाटे उठून तापमापक वाचतो, म्हणून येतो. त्या माणसाचं नाव आपल्याला माहीत नसतं. बातमीत थंडी असते, मोजणारा नसतो.

माझं भांडण याच सवयीशी आहे, आणि अंटार्क्टिकात ती सगळ्यात स्पष्ट दिसते.

थोडा इतिहास सांगतो, कारण शाळेत आपल्याला तो दोन ओळींत उरकून दिला होता. डिसेंबर 1981 मध्ये डॉ. सय्यद जहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली एकवीस जणांची तुकडी गोव्याहून 'पोलर सर्कल' या जहाजाने निघाली आणि 9 जानेवारी 1982 ला अंटार्क्टिकाच्या बर्फावर उतरली. त्याच वर्षी कासिम यांना पद्मभूषण मिळालं. योग्यच झालं. 1983-84 च्या तिसऱ्या मोहिमेत 'दक्षिण गंगोत्री' हे पहिलं केंद्र उभं राहिलं आणि बारा भारतीयांनी तिथे पहिल्यांदा हिवाळा काढला. 1989 मध्ये 'मैत्री' आलं, 2012 मध्ये 'भारती'. उत्तरेला स्वालबार्डमध्ये 2008 पासून 'हिमाद्री' आहे. हा सगळा कारभार चालतो गोव्यातल्या वास्कोहून, राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रातून. म्हणजे रेल्वेने परभणीहून एका दिवसाच्या अंतरावरून.

या तिसऱ्या मोहिमेतलं एक नाव आपलं आहे: अदिती पंत. जन्म नागपूरचा, शिक्षण पुणे विद्यापीठात, मग हवाई आणि लंडन, आणि नोकरी गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत. सुदीप्ता सेनगुप्ता आणि त्या, अंटार्क्टिकावर गेलेल्या पहिल्या दोन भारतीय स्त्रिया. पुढे पंत, सेनगुप्ता, जया नैथानी आणि कंवल विल्कू यांना सरकारने अंटार्क्टिका पुरस्कार दिला. विल्कू या डॉक्टर, तिथे हिवाळा काढणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्री. ही चारही नावं मोठी आहेत. पण आपल्याकडे गौरव कसा होतो तेही यात दिसतं. 'पहिली', 'पहिला', 'नेता', 'प्रमुख' असं काहीतरी नावापुढे लागलं की दार उघडतं. सव्विसाव्या मोहिमेत तेराव्या महिन्यापर्यंत बॉयलर चालू ठेवणाऱ्या माणसाच्या नावापुढे काय लावणार?

केंद्रावर हिवाळ्यात साधारण वीस-पंचवीस माणसं असतात. त्यातले बरेच संशोधक नसतातच. ध्रुवीय केंद्राच्या भरतीच्या जाहिराती वाचा. वाहन मेकॅनिक, जनरेटर ऑपरेटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन, सुतार, पुरुष नर्स, स्वयंपाकी. अनेक पदांना पात्रता आयटीआय आणि काही वर्षांचा अनुभव. नेमणूक कंत्राटी. जाण्याआधी कडक वैद्यकीय तपासणी, मग औलीला बर्फावरचं प्रशिक्षण. त्यानंतर वर्षभर घर नाही, दोनेक महिने सूर्य नाही, आणि जहाज निघून गेलं की मनात आलं म्हणून परतही येता येत नाही.

परभणी, सेलू, जिंतूर, गंगाखेडच्या आयटीआयमधून दरवर्षी पोरं बाहेर पडतात. ट्रॅक्टर, बोअरची मोटार, जिनिंगची मशीन असं काहीही उघडून जोडणारी. यातलं एखादं पोरगं उद्या 'भारती'वर स्नो-व्हेइकल दुरुस्त करायला गेलं आणि चौदा महिन्यांनी परत आलं, तर त्याच्या हातात काय असेल? पगार, अनुभवाचं प्रमाणपत्र आणि पेंग्विनसोबतचे फोटो. देशाने म्हणून दिलेलं काहीही नाही.

आणि नियम असे आहेत की मिळणारही नाही. पद्म पुरस्कारांचा नियम बघा. नोकरीत असलेले सरकारी कर्मचारी त्यासाठी अपात्र, अपवाद फक्त डॉक्टर आणि वैज्ञानिकांचा. म्हणजे एकाच छताखाली, एकाच वादळात वर्ष काढलेल्या दोन सरकारी नोकरांपैकी एकासाठी दार किलकिलं आहे आणि दुसऱ्यासाठी बंद. तेनझिंग नोर्गे पुरस्कार आहे, पण तो साहसासाठी आहे आणि वर्षाला मोजक्या लोकांना मिळतो. रोज चोवीस माणसांसाठी पोळ्या लाटणं साहसात बसत नाही. लागोपाठ साडेतीनशे दिवस, बाहेर उणे तीस असताना लाटल्या तरी बसत नाही.

इतर देशांनी काय केलं? दोन नमुने पुरेसे आहेत.

ब्रिटनचं पोलर मेडल 1904 मध्ये सुरू झालं, स्कॉटच्या 'डिस्कव्हरी' मोहिमेसाठी. मोहिमेवरच्यांना रौप्य, आणि त्यांना सोडवायला गेलेल्या जहाजांवरच्यांना कांस्य. सुरुवातच पायरीने झाली. मग आली शॅकल्टनची 'एन्ड्युरन्स' मोहीम. 1915 मध्ये जहाज बर्फात चिरडून बुडालं. हॅरी मॅकनिश हा जहाजावरचा सुतार. जहाजच गेलं तर कराराप्रमाणे हुकूमही संपला, असा वाद त्याने बर्फावर घातला. शॅकल्टनला तो झोंबला. पण पुढे 'जेम्स केअर्ड' या छोट्या नावेच्या कडा उंच करून, वर झाकण ठोकून तिला दक्षिण महासागरात जाण्यासारखी केली ती याच मॅकनिशने. त्या नावेतून सहा जण सोळा दिवसांनी साउथ जॉर्जियाला पोचले, त्यात तोही होता. त्या नावेमुळे मागे अडकलेल्या सगळ्यांचा जीव वाचला. पदकांची यादी निघाली तेव्हा शॅकल्टनने चौघांची नावं गाळली, आणि त्यात एक मॅकनिशचं होतं. त्याच मोहिमेत चोरून जहाजावर चढलेल्या पर्स ब्लॅकबरो या पोराला कांस्य पदक मिळालं. नाव बांधणाऱ्या सुताराला नाही. मॅकनिश 1930 मध्ये न्यूझीलंडमध्ये गरिबीत वारला. 2004 मध्ये त्याच्या थडग्यावर त्याच्या मांजराचा ब्राँझचा पुतळा बसवला गेला. मांजराचा पुतळा झाला, माणसाचं पदक आजही बाकी आहे.

मॅकनिशचा स्वभाव कसा होता यावर लोक शंभर वर्षं भांडतायत. माझ्या दृष्टीने तो प्रश्नच गौण आहे. पदक नेत्याच्या शिफारशीवर टांगलेलं होतं, म्हणून नेत्याचा राग पदकाच्या नियमाचा भाग झाला.

दुसरा नमुना अमेरिकेचा. 1960 च्या कायद्याने त्यांनी अंटार्क्टिका सर्व्हिस मेडल आणलं. साठ अंश दक्षिणेच्या खाली ठरलेले दिवस काम करा. हिशेब दिवसांचा. सैनिक असा वा नागरिक, शास्त्रज्ञ असा वा कंत्राटदाराचा मेकॅनिक. हिवाळा काढला तर पदकावर वेगळी पट्टी, दुसऱ्या आणि तिसऱ्या हिवाळ्याला तिचा रंग बदलतो. संपलं. 'उल्लेखनीय योगदान' शोधत बसायला नको. अमेरिकेच्या इतर गोष्टींचं कौतुक तुम्ही करा किंवा करू नका, हा नियम मला प्रोग्राम लिहिणारा माणूस म्हणून फार आवडतो. अट तपासता येते. इनपुट तेच असेल तर आउटपुट तेच येतं, मग अर्जावर आडनाव कुठलंही असो.

मी ज्या धंद्यात आहे तिथे हे रोज दिसतं. आधीच्या एका कंपनीत तिमाही बक्षीस कायम डेमो देणाऱ्याला मिळायचं. रात्री तीन वाजता सर्व्हर कोसळण्याआधी सावरणाऱ्याला नाही, कारण कोसळलंच नाही तर दिसणार काय? मॅनेजरने नाव पुढे करायचं आणि मॅनेजरला जे दिसेल तेच नाव पुढे जायचं. अंटार्क्टिकातला जनरेटरवाला म्हणजे शंभर टक्के अपटाइमचा माणूस. त्याचं काम नीट झालं तर सांगण्यासारखी गोष्टच उरत नाही. चुकलं तर काय होतं, त्याची किंमत आपण मोजलेली आहे. जानेवारी 1990 मध्ये चार भारतीय सदस्य तिथे तंबूत विषारी वायूने गेले.

म्हणून माझा नियमांचा मसुदा असा.

एक, साठ अंश दक्षिणेच्या पलीकडे एकूण तीस दिवस काढलेला प्रत्येक भारतीय पात्र. उत्तरेला आर्क्टिक वर्तुळाच्या आत तेच. संपूर्ण हिवाळा काढला तर वेगळी पट्टी, आणि प्रत्येक हिवाळ्याला नवी.

दोन, पदनाम आणि नेमणुकीचा प्रकार बघायचा नाही. कायम, कंत्राटी, प्रतिनियुक्तीवर, सगळे एकाच यादीत. पदकाचा धातूही एकच.

तीन, आधार नोंदवहीचा. केंद्रावर कोण कधी आलं आणि गेलं याची नोंद असतेच, तिच्यावरून यादी निघेल. कुणाला वगळायचं असेल तर लेखी कारण आणि त्याविरुद्ध अपील. मोहिमेच्या नेत्याला नाव गाळण्याचा अधिकार नाही.

चार, 1981 पासून मागे जाऊन द्यायचं. जे हयात नाहीत त्यांच्या घरी पोचवायचं.

पाच, असामान्य कामासाठी वेगळा सन्मान जरूर ठेवा, समिती नेमा, भाषणं करा. पण तो आणि सेवेचं पदक यांची सरमिसळ नको.

यावर तीन आक्षेप येतील, मला माहीत आहेत.

पहिला: सगळ्यांना दिलं तर किंमत काय राहिली? मग सियाचीन ग्लेशियर मेडलची किंमत काय? ते तिथे ठरलेला काळ सेवा केलेल्या जवानाला मिळतं, शिपाई असो वा कर्नल. ते स्वस्त झालं असं म्हणायची कुणाची हिंमत आहे का? जनगणनेच्या कामासाठीही पदकं दिली गेली आहेत. सेवेच्या पदकाची किंमत त्या सेवेच्या कठीणपणावर ठरते. किती जणांना नाकारलं यावर ती ठरत नाही.

दुसरा: संविधानाने किताब रद्द केलेत ना? कलम 18 किताबांबद्दल आहे. 1995 च्या बालाजी राघवन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की असे राष्ट्रीय पुरस्कार म्हणजे किताब नाहीत, फक्त ते नावाला जोडून मिरवायचे नाहीत. निवडीचे निकष नीट हवेत, हेही तेव्हाच सांगितलं गेलं. मी मागतोय ते नेमकं हेच.

तिसरा आक्षेप आमच्याच पारावरचा आहे आणि सगळ्यात वजनदार आहे. इथे सोयाबीनला भाव नाही, आणि तू पेंग्विनच्या देशातल्या बिल्ल्यासाठी लेख लिहितोस? पदकाने पोट भरतं का? नाही भरत. कंत्राटी कामगाराला पूर्ण विमा आणि परत आल्यावर नोकरीत त्या अनुभवाचं वजन मिळायलाच हवं, आणि पदक देऊन ती मागणी गुंडाळू पाहणाऱ्याला मी आधी विरोध करीन. पण एक सांगा, गरिबाने फक्त पोटाचंच मागायचं आणि मान तेवढा साहेबांसाठी राखून ठेवायचा, हा नियम कुणी केला? गंगाखेडच्या जनाबाईंनी दळण-कांडण, झाडलोट थेट अभंगात आणली. त्या कामात देव बघितला. सातशे वर्षं आपण ते गातो. आणि दिल्लीहून यादी येते तेव्हा दळणारीण त्यात नसते, याचं आपल्याला काहीच वाटत नाही.

2022 मध्ये संसदेने भारतीय अंटार्क्टिका कायदा केला. तिथे कोण जाऊ शकतं, परवाना कसा, कचरा कुठे टाकायचा, गुन्हा काय, शिक्षा काय, सगळं लिहिलं. तिथे चुकलं तर काय होईल हे सरकारने ठरवलंय. तिथे वर्षभर नीट राहून आलेल्याला आपण काय म्हणू, हे ठरवायला एक अधिसूचना पुरते. ती काढा. आणि पहिल्या यादीची सुरुवात वर्णानुक्रमाने करा, हुद्द्याने नको.