दिल्ली जवळ, गल्ली लांब

दर वर्षी 25 जानेवारीला, म्हणजे राष्ट्रीय मतदार दिनी, कॉलेजाकॉलेजांतून मतदानाची शपथ घेतली जाते. आमच्या पुण्यातल्या कॉलेजातही होते. हात पुढे करून दोनतीनशे मुले-मुली एका सुरात सांगतात की, आम्ही कसल्याही आमिषाला बळी न पडता मतदान करू. मग फोटो निघतो आणि मंडळी कॅन्टीनकडे वळतात. यातल्या बहुतेकांची अठरा वर्षे पुरी झालेली आहेत. देशाचा कारभार कोणी हाकावा, हे ठरवण्यात त्यांचा वाटा आहे. पण आपल्या वर्गाचा प्रतिनिधी कोण असावा, यासाठी त्यांनी कॉलेजात एकदाही मत दिलेले नाही.

असे का, हे आमच्यातल्या फार थोड्यांना ठाऊक आहे. मतदानाचे वय 21 वरून 18 वर आले ते 61 व्या घटनादुरुस्तीने, 1989 साली. त्यानंतर पाचच वर्षांनी, 1994 च्या महाराष्ट्र विद्यापीठ कायद्याने कॉलेजांतल्या खुल्या निवडणुका बंद झाल्या आणि वर्गात पहिला येणारा विद्यार्थी मंडळावर जाऊ लागला. कारण खोटे नव्हते. ते दिवस पाहिलेले काका-मामा अजूनही सांगतात : पॅनेले, जीपगाड्या, मते फुटू नयेत म्हणून मुलांना सहलीला ‘नेऊन ठेवणे’, हाणामाऱ्या. तरीही एक प्रश्न उरतोच. पंचाण्णव टक्के मिळवणारी मुलगी मुलींच्या स्वच्छतागृहातल्या नळासाठी प्राचार्यांशी भांडेलच असे नाही. आणि नाही भांडली, तर पुढच्या वर्षी तिला घरी बसवण्याची सोय नाही. तिने मते मागितलेलीच नव्हती, तर तिला जाब तरी कोण आणि कसा विचारणार?

2016 च्या नव्या विद्यापीठ कायद्याने खुल्या निवडणुका पुन्हा कागदावर आल्या. 2019 साली त्या घ्यायचे ठरलेही होते, पण विधानसभेची निवडणूक तोंडावर आली म्हणून पुढे ढकलल्या गेल्या. मोठ्यांची निवडणूक आहे, मुलांनो, तुम्ही जरा थांबा! त्यानंतर करोनाची साथ आली आणि विषयच मागे पडला.

आणि वर वडीलधारी मंडळी म्हणतात, ‘या पोरांना राजकारणात रस नाही.’ 4 जून 2024 रोजी त्यांनी आमच्या वसतिगृहात यायला हवे होते. सकाळी आठपासून एकेका खोलीत पाचपाच जण मोबाईलला डोळे लावून बसले होते. 1 जूनच्या बहुतेक मतदानोत्तर चाचण्यांनी सत्ताधारी आघाडीला साडेतीनशेच्या पुढे नेऊन ठेवले होते. प्रत्यक्षात आकडा 293 वर थांबला. तीन दिवसांपूर्वी छातीठोकपणे आकडे सांगणारे चेहरे आता तितक्याच छातीठोकपणे ते का चुकले हे समजावत होते. आमच्याकडे पैजा लागल्या होत्या, त्या चहा-वड्यांत फिटल्या. बाबा सांगतात की, त्यांच्या वेळी मतमोजणी दोनदोन दिवस चाले आणि दूरदर्शन मध्ये मध्ये हिंदी चित्रपट दाखवी. आता मधल्या चित्रपटाची गरज उरलेली नाही. मोजणी हाच चित्रपट झाला आहे.

रस भरपूर आहे. तो कुठे गोळा झाला आहे, हे पाहण्यासारखे आहे. माझा एक मित्र बिहारमधल्या युत्या-आघाड्यांचे गणित तोंडपाठ सांगतो. आपण कोणत्या प्रभागात राहतो, हे मात्र त्याला सांगता येत नाही. त्याला तरी दोष कसा द्यावा? पुणे महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली. त्यानंतर जवळजवळ चार वर्षे, जानेवारी 2026 मधल्या निवडणुकीपर्यंत, शहराला नगरसेवकच नव्हते; कारभार प्रशासक पाहत होते. नळाचे पाणी, कचरा, फूटपाथ, बसचा थांबा, रस्त्यावरचा दिवा, म्हणजे सकाळी उठल्यापासून ज्या ज्या गोष्टींशी आमची गाठ पडते, त्यांतल्या बहुतेक महापालिकेच्या पदरातल्या. पण या चार वर्षांत रात्री नऊच्या चर्चेत ‘पुण्याला नगरसेवक का नाहीत’ यावर आठ चौकटींतले आठ जण एकमेकांवर ओरडत आहेत, असे मी तरी पाहिले नाही. ओरडण्याजोगे त्यात काही नसावे. शेवटी 15 जानेवारी 2026 ला मतदान झाले, तेव्हा एका माणसाला चार मते कशी, हेच अनेकांना कळेना. चार जणांचा प्रभाग ही काय चीज आहे, हे कोणी सांगितले होते? फोनवर दिवसभर येणाऱ्या चित्रफितींत ते नव्हते.

यात आणखी एक गुंता आहे. वसतिगृहात राहणारा विद्यार्थी आपले नाव घरच्या पत्त्यावर किंवा वसतिगृहाच्या पत्त्यावर, कुठल्याही एका ठिकाणी नोंदवू शकतो. आमच्या मजल्यावरच्या बहुतेकांनी गाव निवडले आहे. त्यात वावगे काही नाही. गावचा रस्ता, विहिरीवरची वीज, सोसायटीचे कर्ज हे जिव्हाळ्याचे विषय. पण परिणाम असा की, ज्या शहरात आम्ही पाचसहा वर्षे काढतो, तिथे आम्ही पाहुणे ठरतो. मते मागणारा माणूस आमच्या फाटकासमोरून पुढच्या सोसायटीत जातो. यादी त्याच्या हातातच असते.

मग आम्ही लोकशाही शिकलो कुठे? माझ्यापुरते उत्तर सोपे आहे : मेसमध्ये. आमची मेस विद्यार्थीच चालवतात. साठ जण, एक आचारी, दोन मदतनीस आणि चिठ्ठ्या टाकून निवडलेला सेक्रेटरी. चिठ्ठ्या पोळ्यांच्या स्टीलच्या डब्यात पडतात. मागच्या वर्षी एकाने महिन्यात चार फीस्ट देऊ म्हणून सांगितले आणि तो दणक्यात निवडून आला. वीस तारखेला पैसे संपले, आमटीतून ताटाचा तळ दिसू लागला. मते जिल्हावार पडतात, हेही आम्ही पाहिले. विदर्भाचे विदर्भाला, सातारा-सांगलीचे सातारा-सांगलीला. मग बुधवारी अंडाकरीचा ठराव बहुमताने मंजूर झाला, तेव्हा अंडी न खाणारे सात जण उठून उभे राहिले. ‘बहुमत झाले, आता काय?’ असे कोणीतरी म्हणाले. त्यावर जी बोलाचाली झाली ती रात्री साडेअकरापर्यंत. शेवटी त्या सातांसाठी त्याच खर्चात मुगाची उसळ करायची ठरली, आणि आचाऱ्यालाही विचारायला हवे होते हे सर्वांत शेवटी आठवले. राज्यशास्त्राच्या तासाला अल्पसंख्याकांच्या हक्कांवर मी टिपणे काढली होती. ती परीक्षेला उपयोगी पडली. हे प्रकरण मात्र अजून लक्षात आहे, कारण त्या सातांपैकी एकजण माझ्या समोरच्या खोलीत राहतो आणि रोज भेटतो.

कॉलेजने वर्गावर्गांतून एवढेच करावे, असे माझे म्हणणे आहे. जीपगाड्या नकोत, फलक नकोत. एक शनिवार, एक डबा आणि वर्षाअखेरी हिशेब द्यायला एक तास. मेसची नवी समिती ऑगस्टमध्ये निवडायची आहे. उमेदवार तीन आहेत, आणि त्यांतल्या एकाने गेल्या वर्षीची खाड्यांची वही आतापासूनच मागून ठेवली आहे.