कामाचा पोशाख

मोठ्या क्रीडास्पर्धा आपण दूरदर्शनवर पाहतो, तेव्हा आपले लक्ष खेळाडूंकडे असते. ते योग्यच आहे. पण मैदानाच्या कडेला, दरवाजावर, रस्त्याच्या वळणावर एकाच रंगाचे कपडे घातलेली माणसे उभी असतात. ती कोण असतात? त्यांना ते कपडे कोण देते, आणि कशासाठी?

लंडन येथे 2012 साली ऑलिंपिक स्पर्धा झाल्या. त्यासाठी सुमारे 70,000 स्वयंसेवक निवडण्यात आले. अर्ज मात्र 2,40,000 लोकांनी केले होते! निवड झालेल्यांच्या मुलाखती झाल्या, त्यांना शिकवण्यात आले आणि मग त्यांच्या मापाचे कपडे त्यांच्या हाती आले. जांभळ्या-लाल रंगाचे जाकीट, सदरे, विजार, बूट, पिशवी, पाण्याची बाटली आणि छत्रीसुद्धा. लंडनचा पाऊस केव्हा येईल ते सांगता येत नाही, म्हणून छत्री. या लोकांना पगार नव्हता. राहण्याची सोयही ज्याची त्याने करायची होती. मग एवढे कपडे कशाला? कारण लाखोंच्या गर्दीत वाट चुकलेल्या म्हाताऱ्या माणसाला दुरूनच कळले पाहिजे, की मदत कोणाकडे मागायची. दिवसभर उभे राहणाऱ्याच्या पायांत चांगले बूट हवेत. गळ्यातले ओळखपत्र पाहून पहारेकऱ्याला समजते, की या माणसाला कोठपर्यंत जाता येईल. म्हणजे हे कपडे काही बक्षीस नव्हते. सुताराला जशी करवत, तसे ते कामाचे साधन होते.

ही गोष्ट विसरली, की काय होते ते दिल्लीत दिसले. ऑक्टोबर 2010 मध्ये तेथे राष्ट्रकुल स्पर्धा झाल्या. हजारो तरुण स्वयंसेवक म्हणून निवडले गेले. परंतु स्पर्धेच्या तोंडावर त्यांतील अनेक जण कपडे घेऊन गेले ते परत आलेच नाहीत, अशा बातम्या वर्तमानपत्रांत आल्या. त्या मुलांना सर्वांनी नावे ठेवली. मला वाटते, दोष सगळा मुलांचा नसतो. काम नीट समजावून न सांगता नुसते कपडे वाटले, तर घेणाऱ्यालाही ते नुसते कपडेच वाटतात.

आपल्या बीड जिल्ह्याशी या गोष्टीचा काय संबंध, असे तुम्ही विचाराल. आष्टी तालुक्यातील मांडवा गावचे अविनाश साबळे तुम्हांला माहीत आहेत. 2022 साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 3000 मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत त्यांना रौप्यपदक मिळाले. सुवर्णपदक अवघ्या 0.05 सेकंदाने हुकले. त्या शर्यतीत अठ्ठावीस अडथळे आणि सात वेळा पाण्यावरची उडी असते. एखाद्या धावपटूने नियम मोडला, तर कडेला बसलेला पंच पिवळे निशाण उंच करतो. असा पंच नसेल, तर त्या 0.05 सेकंदाला काय अर्थ राहील? शिरूर कासारच्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला साबळे यांच्यासारखे धावता येणार नाही. पण नियम शिकून, परीक्षा देऊन तो पंचाचा पोशाख मिळवता येईल. त्यासाठी वेगवान पाय लागत नाहीत. नजर आणि इमान लागते.

आता थोडे मागे जाऊ. स्पर्धा सुरू होण्याआधी मैदान कोण बांधतो? कतारमध्ये 2022 साली फुटबॉलची विश्वचषक स्पर्धा झाली. ती मैदाने भारत, नेपाळ, बांगलादेश अशा देशांतून गेलेल्या मजुरांनी बांधली. त्या देशातल्या उन्हात अनेक मजुरांचे जीव गेले, तेव्हा जगभर ओरड झाली. पुढे मैदानांवरच्या मजुरांना अंग थंड ठेवणारे खास कपडे देण्यात आले. 2021 साली कायदाही झाला, की 1 जून ते 15 सप्टेंबर या काळात सकाळी दहा ते दुपारी साडेतीन उघड्यावर काम करायचे नाही. हे सारे उशिरा झाले. आणि झाले तेही बहुधा साऱ्या जगाचे डोळे तिकडे लागले होते म्हणून.

आमच्या उसाच्या फडाकडे कोणाचे डोळे लागलेले नाहीत. दिवाळीच्या सुमारास शिरूर कासार तालुक्यातून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या निघतात. तुमच्या वर्गातील काहींचे आईवडीलही त्यांत असतील. उसाचे पान कसे कापते, ते त्यांच्या हातांवर पाहा. पहाटेच्या थंडीत काम सुरू होते, डोक्यावर मोळी असते, पायांत साधी चप्पल असते. आई घरातलाच एखादा जुना सदरा लुगड्यावर चढवते, डोक्याला फडके बांधते. तोच तिचा कामाचा पोशाख, आणि तो तिने स्वतःच शोधून काढलेला असतो.

पंधरा दिवसांच्या खेळासाठी माप घेऊन बूट देता येतात. मग पाच-सहा महिने चालणाऱ्या कामासाठी का देता येऊ नयेत? साखर कारखान्याला हा खर्च जड नाही. मुकादम ज्या दिवशी उचल मोजून देतो, त्याच दिवशी हातमोजे आणि बूटही दिले जावेत. आणि जोडीतल्या बाईच्या पायाचे माप वेगळे घेतले जावे. नवऱ्याच्या मापाचे बूट घालून तिला ट्रकच्या फळीवर मोळी घेऊन चढता येणार नाही.